जन्माचं गाव



संयोजकांनी या व्याख्यानाचा विषय कळवायला सांगितला तेव्हा मी 'गर्भातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी' असं लिहून पाठवलं. लगेच फोन आला. "डॉक्टर, आपल्याकडे श्रोत्यांत साठीच्या पुढची मंडळी जास्त. विषय चालेल ना?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच निवडलाय. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण कुठे करायचं, हे आजही पुष्कळ घरांत साठीच्या पुढची मंडळीच ठरवतात. आणि मला आज यंत्राबद्दल थोडं आणि बाळंतपण कुठे करायचं याबद्दल जास्त बोलायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलोय त्या डॉक्टरबाई लाकडी नळी पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकत. इथल्या कितीतरी जणांचे ऐकले असतील. त्या नळीची गोष्ट मोठी गमतीची आहे. लेनेक नावाच्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप शोधल्याला फार वर्षं झाली नव्हती. 1821 साली केर्गारादेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं तो गरोदर बाईच्या पोटाला लावला, कारण त्याला गर्भातल्या पाण्याचा खळखळाट ऐकायचा होता. पाणी काही ऐकू आलं नाही. आली ती घड्याळासारखी दुहेरी टिकटिक, आईच्या नाडीपेक्षा कितीतरी वेगवान. त्याच्या आधी तीन वर्षं जिनिव्हात मेयर नावाच्या शल्यवैद्याला हे ठोके नुसता कान लावून ऐकू आले होते. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं गर्भातलं हृदय आपल्याला एवढंच माहीत होतं : चालू आहे की बंद, जलद आहे की संथ. आत ते कसं बांधलंय हे पाहण्याची सोय नव्हती.

आणि बांधणीत चूक होते, ती काही क्वचित नव्हे. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांत साधारण आठांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. त्यांतल्या दोन-तीन बाळांचा दोष असा असतो की पहिल्या वर्षात, बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच, शस्त्रक्रिया किंवा निदान हस्तक्षेप करावा लागतो. आपल्या देशात हृदयदोष असलेली एकूण दोन लाखांहून अधिक बाळं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे.

हृदय गर्भधारणेनंतर 22व्या दिवसाच्या सुमारास हलू लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याची रचना जवळपास पुरी होते. म्हणजे दोष घडायचा तो घडतो तेव्हा घरात बातमी नुकतीच फुटलेली असते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे निदान झालं की पहिला प्रश्न येतो : "हिनं काय केलं?" ग्रहणात विळी हातात घेतली, पपई खाल्ली, सातव्या महिन्यात गाडीवर बसली. यातल्या कशानंही हृदयाचे कप्पे बिघडत नाहीत. आईचा मधुमेह गर्भ राहण्याच्या सुमारास आटोक्यात नसणं, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला होणं, काही विशिष्ट औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न, आधीच्या मुलाला असाच दोष असणं, यांनी धोका वाढतो. रुबेलाचा संबंध 1941 साली ऑस्ट्रेलियात ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञानं दाखवला. तो बाळांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू पाहत होता आणि त्यातल्या कित्येकांचं हृदयही सदोष निघत होतं. पण अशी धोक्याची यादी केली तरी दोष असलेली बहुतेक बाळं त्या यादीबाहेरच्या आयांच्या पोटीच जन्मतात. म्हणून 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' या वाक्याला इथे काहीच किंमत नाही. तपासायचं तर प्रत्येकीला.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

पोटातलं बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही. प्राणवायू आईकडून वारेतून आणि नाळेतून येतो. फुप्फुसांकडे फारसं रक्त पाठवण्याचं कारण नसतं, म्हणून निसर्गानं दोन आडवाटा ठेवल्या आहेत. एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं दार, दुसरी फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी छोटी नलिका. तिला आम्ही डक्टस म्हणतो. या दोन वाटा उघड्या असल्यानं हृदयाची मांडणी फार चुकीची असली तरी पोटातल्या बाळाचं बहुधा काही अडत नाही. ते वाढतं, वजन धरतं, लाथा मारतं. जन्मल्यावर खणखणीत रडतं. मग डक्टस आकसू लागते. निरोगी बाळात तेच व्हायला हवं असतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत ती बंद होते. पण ज्या बाळाचा जीव त्या नलिकेवरच तगलेला असतो, त्याची घसरण तिथून सुरू होते.

ट्रान्सपोझिशन नावाचा दोष घ्या. शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी डाव्या खालच्या कप्प्यातून निघायला हवी आणि फुप्फुसधमनी उजव्या. इथे त्यांची अदलाबदल झालेली असते. परिणाम असा की अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहतं आणि शुद्ध रक्त फुप्फुसातच. दोन वर्तुळं, एकमेकांना न भेटणारी. भेट होते ती त्या दोन आडवाटांवर, त्या जितक्या उघड्या तितकी. हे बाळ काही तासांत निळं पडू लागतं. निदान माहीत असेल तर उपाय हाताशी आहेत. 1966 साली फिलाडेल्फियात रॅशकिंडनं शिरेतून फुगा नेऊन वरच्या कप्प्यांमधलं दार रुंद करण्याची युक्ती काढली. 1970च्या दशकाच्या मध्यात प्रोस्टाग्लँडिनचं औषध आलं. ते शिरेतून थेंबथेंब दिलं की डक्टस उघडी राहते. आणि 1975 साली साओ पावलोत जतेने यांनी दोन्ही धमन्या कापून आपापल्या जागी बसवल्या. आज ही शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात आणि अनुभवी केंद्रात दहांतली नऊहून अधिक बाळं मोठी होतात, शाळेत जातात, क्रिकेट खेळतात.

म्हणजे शस्त्रक्रिया आहे, औषध आहे, फुगा आहे. नसतो तो वेळ. बाळ एका गावी जन्मतं आणि हे सगळं दुसऱ्या गावी असतं. मधल्या रस्त्यात बाळ दगावतं.

पॅरिसच्या डॉक्टरांनी 1999 साली याचा हिशेब मांडला. ट्रान्सपोझिशनच्या 250 बाळांचं निदान जन्मानंतर झालं होतं, 68 बाळांचं जन्माआधी. पहिल्या गटातली 15 बाळं शस्त्रक्रियेपर्यंत पोचलीच नाहीत. उरलेल्या 235 पैकी 20 शस्त्रक्रियेनंतर गेली. दुसऱ्या गटातल्या 68 पैकी एकही दगावलं नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी नव्हती आणि 68 हा आकडा फार मोठा नाही, हे खरं. पण दोष तोच, शल्यवैद्य त्याच दर्जाचे, शहर तेच. फरक एवढाच की दुसऱ्या गटातली बाळं कुठे जन्मणार हे आधी ठरलं होतं.

हे आधी कळायचं कसं? इथे यंत्र येतं. आणि हे यंत्र दवाखान्यातून आलेलं नाही, बॉयलरच्या कारखान्यातून आणि जहाजाच्या गोदीतून आलंय. लोखंडाच्या जोडात तडा आहे का, हे ध्वनिलहरी सोडून पाहण्याची उपकरणं तिथे होती. स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 साली गोदीतलंच असं उपकरण मोठ्या माणसाच्या हृदयावर लावलं. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड 1955 साली रेनफ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले ते दोन मोटारींच्या डिक्कीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घालून; तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा कारखान्यानंच दिला होता! गाठ आणि मांस यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफी शिरली. गर्भाच्या हृदयापर्यंत पोचायला आणखी वीस-एक वर्षं लागली. लंडनच्या लिंडसे ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावरचं चित्र आणि विच्छेदन केलेलं गर्भहृदय शेजारी-शेजारी ठेवून, कोणती रेघ म्हणजे नेमकं काय, हे 1980 साली मांडलं. त्या कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामावर आम्ही आजही जगतो.

अडचण काय असते तेही ऐका. पाचव्या महिन्यात बाळाचं हृदय दोन सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि मिनिटाला 140 ठोके देत असतं. एक ठोका अर्ध्या सेकंदाच्याही आत. ध्वनी शरीरात सेकंदाला 1540 मीटर जातो. दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला 0.00013 सेकंद लागतात. एक चित्र अशा शंभर रेघांचं असेल तर सेकंदाला पाऊणशे चित्रं मिळतात. अडीचशे रेघांचं रुंद चित्र मागितलं तर मिळतात तीसच, म्हणजे एका ठोक्याला जेमतेम तेरा. झडप हलली कशी हे निसटून जातं. म्हणून जाणता डॉक्टर बाळाचं सगळं अंग एकदम पाहण्याचा मोह सोडतो आणि खिडकी छातीपुरती अरुंद करतो. यात यंत्र महाग की स्वस्त हा मुद्दा फार मागे राहतो.

मग हृदयाच्या आडव्या चकत्या करत जायचं, काकडीच्या कराव्यात तशा, फक्त सुरी ध्वनीची. आधी बाळाची डावी बाजू कोणती हे ठरवायचं. जठर आणि हृदय एकाच बाजूला, डावीकडे, हवं. हृदयानं छातीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापलेला हवा, त्याचं टोक सुमारे 45 अंशांत डावीकडे झुकलेलं हवं. चार कप्पे, मधला पडदा, दोन झडपा. 1980च्या दशकात फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये 'प्रत्येक गर्भात निदान हे चार कप्पे तरी पाहा' असा आग्रह सुरू झाला आणि त्यानं बरंच साधलं. पण ट्रान्सपोझिशनमध्ये चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसतात! चूक वर आहे, धमन्या निघतात तिथे. पोटावर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब बाळाच्या डोक्याकडे आणखी थोडा सरकवला तर निरोगी हृदयात दोन्ही धमन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसतात. ट्रान्सपोझिशनमध्ये त्या समांतर धावतात. एवढाच सरकवायचा असतो हात, काही मिलिमीटर. रिपोर्टमध्ये 'चार कप्पे दिसले' एवढंच लिहिलेलं आढळलं की मला नेमकी त्याचीच काळजी वाटते.

जे दिसत नाही तेही सांगायला हवं. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र किंवा उघडी राहिलेली डक्टस, यांचं निदान गर्भात करता येत नाही, कारण त्या वयात ती प्रत्येकाचीच उघडी असतात. खालच्या कप्प्यांमधलं बारीक छिद्र सुटू शकतं, आणि अशी पुष्कळशी पुढे आपोआप बुजतात. महाधमनीचा अरुंदपणा तर अनुभवी माणसालाही चकवतो. कधी आहे म्हणावं तर नसतो, कधी उलट. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली तरी जन्मानंतर 24 तासांच्या सुमारास बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून पाहावा. कोविडमध्ये घराघरांत आलेल्या त्या चिमटा-यंत्राची बाळांसाठी वेगळी आवृत्ती असते, आणि काम पाच मिनिटांचं.

ब्रिटनमध्ये 1990च्या दशकात गंभीर हृदयदोषांपैकी साधारण चौथाईच जन्माआधी सापडत होते. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे एकाच देशात, सारख्याच यंत्रांवर, काही भागांत शंभरात मोजके दोष सापडत आणि काही भागांत निम्म्याहून अधिक. फरक प्रशिक्षणाचा होता. त्यांनी सोनोग्राफर नावाचा, डॉक्टर नसलेला, पण याच कामात मुरलेला वर्ग तयार केला, त्याला धमन्या पाहायला शिकवलं आणि आकडे वर गेले.

आपल्याकडे असा वर्ग नाही आणि तो का नाही, हे या सभागृहात सर्वांना माहीत आहे. याच यंत्राच्या जोरावर आपण मुली मारल्या. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 साली 946 होत्या, 2001 साली 913 आणि 2011 साली 894. बीड जिल्ह्यात 807. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली आपल्याच राज्यानं केला, केंद्राचा 1994 साली आला. त्यामुळे हे यंत्र कुणी चालवावं, कुठे ठेवावं, कुठे न्यावं, यावर बंधनं आहेत, आणि ती असावीत असंच माझं मत आहे. पण त्यातून एक विचित्र सवय लागली आहे. या कायद्याखाली भरायच्या फॉर्म एफमधली चूक डॉक्टरला महागात पडते, म्हणून तो काळजीनं भरला जातो. रिपोर्टमध्ये हृदयावर एकच ओळ लिहिली तर कुणी विचारत नाही. जन्मजात व्यंग शोधणं हा त्याच कायद्यानं मान्य केलेला हेतू आहे, पण त्या हेतूची तपासणी करायला कुठलंही पथक येत नाही. भीतीपोटी पडदासुद्धा बाईकडे वळवला जात नाही. जो दोष आहे तो तिला कागदावरून कळतो. आणि ज्यांना परवडतं ते 'थ्री-डीमध्ये चेहरा दाखवा' म्हणून हट्ट धरतात. चेहरा काय, जन्मल्यावर आयुष्यभर पाहायचाच आहे!

दोष सापडल्यावरचं बोलणं अवघड असतं. 2008 साली मुंबईतलं एक दांपत्य आपल्या डॉक्टरांसह उच्च न्यायालयात गेलं. गर्भाच्या हृदयाचे विद्युत्संदेश पूर्ण अडलेले होते, निदान चोविसाव्या आठवड्यात झालं होतं आणि तेव्हा गर्भपाताची मर्यादा होती 20 आठवडे. न्यायालयानं परवानगी नाकारली. पुढे त्या बाईंचा गर्भ आपोआपच पडला. त्या खटल्यानं देशभर चर्चा सुरू झाली. 2021 साली कायदा बदलला. काही ठरावीक स्थितींत मर्यादा 24 आठवडे झाली, आणि गर्भात मोठं व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यापुढेही परवानगी मिळू शकते. ही दुरुस्ती मला योग्य वाटते. डाव्या बाजूचं हृदय वाढलेलंच नाही, तीन टप्प्यांत तीन मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतील आणि तरीही पुढचं आयुष्य अर्ध्या हृदयावर, अशा वेळी निर्णय त्या आईबापांचा. त्यांना शहाणपण शिकवायला मी जात नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. पाचव्या महिन्यात 'हृदयाला प्रॉब्लेम आहे' एवढं वाक्य घेऊन कुटुंब घरी जातं आणि तिसऱ्या दिवशी गर्भपाताचं ठरवून येतं. कोणता प्रॉब्लेम, हे कुणी विचारलेलंच नसतं. ज्या बाळाचं एका शस्त्रक्रियेत निभावलं असतं तेही यात जातं. हृदयाच्या दोषाबद्दल आईबापांशी बोलणारा माणूस असा हवा, ज्यानं त्या दोषाची ऑपरेशन झालेली दहा वर्षांची मुलं पाहिलेली आहेत. प्रोब हातात असलेल्या डॉक्टरनं 'काहीतरी वेगळं दिसतंय, फीटल इको, म्हणजे हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या' एवढं सांगून तातडीनं पुढे पाठवलं तरी पुष्कळ झालं. अर्थात त्यासाठी पहिली तपासणी 18 ते 20 आठवड्यांत व्हायला हवी. तेविसाव्या आठवड्यात आलेल्यांकडे विचार करायला उसंतच उरत नाही.

आणि गर्भ ठेवायचं ठरलं, की मग प्रश्न येतो गावाचा. आपली रीत अशी की सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेकीला माहेरी आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरचं. ही रीत मला फार प्रिय आहे. बाईला आयुष्यात क्वचित मिळणारी विश्रांती तिच्यात आहे. पण सोनोग्राफी झालेली असते पुण्यात, फीटल इको मुंबईत, आणि माहेर असतं गडचिरोलीत किंवा अक्कलकुव्यात. फाइल सासरच्या कपाटात राहते. माहेरचे डॉक्टर नवीन कागद करतात, त्यावर हृदयाचा उल्लेख नसतो. बाळ जन्मतं, रडतं, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या रात्री रुग्णवाहिका शोधावी लागते. गडचिरोली ते नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. वाटेत प्रोस्टाग्लँडिन चालू असेल तर श्वास थांबण्याचा धोका, नसेल तर डक्टस बंद होण्याचा. आणि ते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, ते त्या दवाखान्यात असण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा. हाच प्रवास पोटात झाला असता तर बाळाला त्याची झळही लागली नसती.

मी अशा घरांना सांगतो : माहेरची माणसं शस्त्रक्रियेच्या गावी न्या. आई जाऊन राहू दे लेकीजवळ, डिंकाचे लाडू तिथेही होतात. हृदयाच्या केंद्राजवळ महिनाभर खोली घ्या. सिझेरियन करावंच लागेल असंही नाही. केवळ हृदयात दोष आहे म्हणून सिझेरियनची गरज बहुधा नसते. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि त्याची पथकं अंगणवाड्यांत, शाळांत हृदयदोषाची मुलं शोधतात. पण ही मुलं म्हणजे पहिल्या आठवड्यातून वाचलेली मुलं. जी तिथवर पोचली नाहीत त्यांची नोंद या तपासणीत कशी यावी? केरळनं 2017 साली 'हृद्यम' सुरू केलं. जन्मजात हृदयदोषाचं बाळ एकदा नोंदलं गेलं की कुठल्या रुग्णालयात त्याला खाट मिळेल हे ठरवणारी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे शल्यवैद्य आहेत. पाचव्या महिन्यातल्या रिपोर्टला जन्माच्या खाटेशी जोडणारी नोंद नाही, आणि ती करायला नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

वेळ झाली अशी खूण झाली आहे. पलीकडच्या रांगेत काही जणांच्या हातात फाइली दिसताहेत. प्रश्न इथे जरूर विचारा, पण स्वतःच्या घरातला रिपोर्ट असेल तर कार्यक्रमानंतर मंचामागच्या खोलीत या. मी थांबतो आहे. आणि शक्य असेल तर ज्या लेकीचा रिपोर्ट आहे तिला फोन लावूनच या, कारण तिला मला दोन प्रश्न विचारावे लागतील : धमन्या पाहिल्या का, आणि बाळंतपण कुठे करायचं ठरलंय.